मोरचूद आणि अनवाणी पाय

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो तो अंजनगावच्या आमच्या पानमळ्याच्या जिवावर. नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन परतलो आणि त्याच पावसाळ्यात मळ्याला मर लागली. शिक्षणाचं सार्थक इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं.

वेलींचे बुंधे काळे पडत होते, ओळीच्या ओळी माना टाकत होत्या. मळा गेला असता तर बाबांना उतारवयात दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडायला जावं लागलं असतं. औषध मला पाठ होतं. मोरचूद पाण्यात विरघळवायचा, त्यात चुन्याचं पाणी मिसळायचं आणि ते बुंध्याशी ओतायचं. चुना कमी पडला तर मोरचूद कातडी जाळतो. म्हणून पायात जोडे घाला, असं मी बाबांना सांगितलं.

"जोडे? नागवेलीत?" बाबा म्हणाले. "तुहा आजा मळ्यात कधी थुकला नाई. अन् तू मले चामडं घालून आत जा म्हनतं?"

नागवेल आमची देवी आणि मळा तिचं देऊळ. मी जोड्यांचा आग्रह सोडला, पण चुन्याचा सोडला नाही. विळ्याचं घासलेलं पातं औषधात बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा, असं दोनदा बजावून मी अकोल्याला सरकारी शेतकी खात्यात नोकरीवर रुजू झालो.

दिवाळीला आलो तर मर थांबली होती. बाबांचे पाय घोट्यापर्यंत फुटले होते, भेगांतून रक्त येत होतं. औषध वाहून जाई त्या पाटात एकही बेडूक दिसेना.

"चुना किती टाकला, बाबा?"

"चिमूटभर. पान खानारा चुना आपल्या हातानं लावते. आपन काहून आधीच लावून द्याचा?"

"आणि विळा?"

"लाल झाला होता," आई म्हणाली. "मी म्हटलं, पानाच्या मळ्यात लालच होईन."

मी बाबांच्या पायांना खोबरेल लावत चुन्याचं महत्त्व समजावत होतो, तेवढ्यात शेजारचे मळेवाले आले. आमच्या वेली कशा वाचल्या ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाबांनी माझ्या हातातून पाय सोडवून त्यांच्यापुढे केले. "हे पाहा. पाय फुटले का समजा, औषध मुळापर्यंत गेलं."

पुढच्या साली अंजनगावात लोक वेलींआधी एकमेकांचे पाय पाहत. ज्याचे पाय धड, तो मोरचूद वाढवी. बेडूक गेल्यावर डास मात्र भरपूर झाले. प्रचाराशिवाय औषध इतकं पसरलं म्हणून माझ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या साली मी रजा घेऊन गेलो आणि आमच्या मळ्याचं औषध स्वतः कालवलं, चुना बरोबर घालून. एक वेल मेली नाही. बाबांच्या भेगा भरून आल्या. ओट्यावर बसून ते बराच वेळ तळपाय न्याहाळत राहिले.

"यंदाचं औषध काई खरं नाई," ते म्हणाले. "सरकारनं भेसळ चालू केली वाट्टे."

मी वेली दाखवल्या. त्यांनी मान हलवली, घागर उचलली आणि शेजारच्या मळ्यातून त्यांचं कालवलेलं औषध मागून आणायला गेले.