बपेऱ्यात आपलं कोणी नाही

परदेशातून परतणारा माणूस दोन गोष्टी घेऊन येतो, असं दिघोरीत सर्वांचं ठाम मत होतं: सोनं आणि पोटाचे विकार. माझ्याकडे फक्त दुसरी होती.

सहा वर्षं मी नायजेरियात पदार्थविज्ञान शिकवत होतो. मग तिथल्या तेलाचे भाव पडले, सरकारनं परदेशी मास्तरांचे करार गुंडाळले, आणि साठलेला पगार देशाबाहेर न्यायला जी परवानगी लागे ती देणारा अधिकारी कायम रजेवर राहू लागला. बायको, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि चार ट्रंका घेऊन मी परत आलो. माझं गाव वाईजवळ. तिथं दोन खोल्यांत दोन भाऊ आणि त्यांची मिळून सात मुलं राहत होती. मोठ्या भावानं पत्रात लिहिलं, 'घर तुझंच आहे,' आणि पुढच्या ओळीत खोल्यांची मापं दिली. तेव्हा आम्ही बायकोच्या माहेरी, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला आलो. नागपूरला बी.एड. करताना मी या मुलीशी लग्न केलं तेव्हा सासुरवाडीचा असा काही उपयोग होईल, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

मुक्काम जूनपर्यंत, असं ठरलं. जूनमध्ये शाळा उघडतात. तोवर नेमणूक झाली नाही तर आख्खं वर्ष गेलं, आणि सासऱ्यांच्या कोठीतला तांदूळ वर्षभर खाणाऱ्या माणसाला जग घरजावई म्हणतं. मला दोन मुलांसमोर ते व्हायचं नव्हतं.

भाव मात्र मी सहा वर्षांपूर्वीचे डोक्यात घेऊन आलो होतो. लाखांदूरच्या बाजारात शेंगदाण्याच्या तेलाचा भाव विचारला. दुकानदारानं सांगितला. मी म्हणालो, ठीक आहे, डबा चांगला आहे ना? तो म्हणाला, "डब्याचा नाई जी, किलोचा भाव सांगून राहिलो." साखरेचं, रॉकेलचं, मुलांच्या वह्यांचंही तसंच. मी प्रत्येक दुकानात भूतकाळातून आल्यासारखा उभा राहत असे. मुलं माझ्यापेक्षा लवकर रुळली. पंधरा दिवसांत मुलीची इंग्रजी गळून पडली आणि एका सकाळी अंगणातून तक्रार आली, "आई, हा मले मारून राहिला." मुलाचं म्हणणं होतं की ती खोटं बोलून राहिली.

खुद्द दिघोरीत वेगळीच अडचण निघाली. तिथं भाव वाढले होते की नाही हे मला कळायलाच मार्ग नव्हता, कारण माझ्याकडून कोणी पैसे घेत नसे. त्या भागात जावई हा एका घराचा नसतो, गावाचा असतो. तो दिसला की वयानं मोठी माणसंसुद्धा वाकून पाया पडतात. त्याला काम सांगायचं नाही, त्याला पाण्याचा तांब्या उचलू द्यायचा नाही, आणि त्याच्याकडून पैसे तर मुळीच घ्यायचे नाहीत. मी दाढी केली, न्हाव्यानं हात जोडले. साबण घेतला, किराणावाला म्हणाला, "जवायाचे पैसे घेऊन मले नरकात जाचं आहे काय?" मी गहिवरून घरी आलो. संध्याकाळी कळलं की नरक टाळण्याची त्याची एक पद्धत होती: साबणाचे पैसे तो सासऱ्यांकडून घेऊन गेला होता.

त्यानंतर मी साबण, चहा, वह्या आणायला एसटीनं लाखांदूरला जाऊ लागलो. येण्याजाण्याचं भाडं धरलं की साबण दुपटीहून महाग पडे. ज्या गावात सगळं फुकट मिळतं तिथं राहणं परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

नोकरीचा प्रश्न सोपा वाटत होता. जवळच्याच एका हायस्कुलात विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी होती आणि संस्थेचे अध्यक्ष बायकोचे चुलतकाका होते. वशिला म्हणून याहून सरळ काय असतं? मी इस्त्रीचा शर्ट घातला, प्रमाणपत्रांची फाईल घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. साठीचा तो भारदस्त माणूस लगबगीनं उठला, माझ्या पाया पडला आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवून समोरच्या बाकावर बसला. मुलाखतीची सुरुवात अशी झाली की पुढं काय होणार याचा अंदाज यायला हवा होता. मी फाईल पुढे केली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि न उघडता परत दिली.

मी अर्ज म्हणालो, तसा त्यांचा चेहरा पडला. आमच्या जावयावर अर्ज करायची पाळी आली, लोक काय म्हणतील, हे त्यांनी दोनतीन प्रकारे सांगितलं. मग जेवण वाढलं गेलं. सुपारी कातरताना ते खऱ्या मुद्द्यावर आले.

"समजा तुमाले घेतलं, जवाईबापू. उद्या तुमी उशिरा आले. मंग? मी का करू? जवायाले मेमो देऊ?"

मी म्हणालो, मी उशिरा येणार नाही.

"पाहुण्याले वेळेवर ये म्हणाचं का मंग?" ते म्हणाले. वाद त्यांनी जिंकला होता आणि जागा मी गमावली होती.

त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण भरपाई म्हणून त्यांनी मला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा केलं. व्यासपीठावर अकरा माणसं आणि समोर लाऊडस्पीकर. माझी ओळख करून देणाऱ्यानं मी अख्ख्या आफ्रिकेत ज्ञानाचा दिवा लावल्याचं जाहीर केलं. माझ्या वर्गात विजेचे दिवे होते आणि तेही बहुधा बंद असत, पण प्रमुख पाहुण्यानं ओळखीत दुरुस्ती सुचवायची पद्धत नाही. नारळ, टॉवेल आणि टोपी मिळाली. शेवटी सूत्रसंचालक माझ्याकडे अशा प्रेमानं बघू लागला की मला उठून विज्ञानात पहिल्या येणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर करावं लागलं. बातमी पसरली. त्या दोन महिन्यांत मी एक वाचनालय, एक व्यायामशाळा आणि एक विहीर यांचं उद्घाटन केलं आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी जाहीर केलं. घरात नारळाची चटणी रोज होऊ लागली. बायको एकदा म्हणाली, "अजून दोन सत्कार झाले तर आपल्याला एक ट्रंक विकावी लागेल."

लाखांदूरच्या एका भात गिरणीत हिशेबनीस हवा होता. तिथंही गेलो. गिरणीमालकाची बायको दिघोरीची निघाली, म्हणजे मी त्याचा साडू. त्यानं मला चहा पाजला, गिरणी दाखवली आणि साडूला पोती मोजायला लावलं तर बायको घरात घेणार नाही, असं मोकळेपणानं सांगितलं. निघताना बासमतीची पिशवी एसटीपर्यंत आणून दिली. मी नोकरी मागायला जावं आणि तांदूळ घेऊन परत यावं, असं चाललं होतं.

एप्रिल संपत आला तेव्हा बायकोनं सूत्रं हातात घेतली. वर्तमानपत्रांतून कापलेल्या शाळांच्या जाहिराती तिनं स्वयंपाकघरात मांडल्या आणि आईला समोर बसवलं. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. मी दारात उभा असलो की माझ्यासाठीचं वाक्य त्या लेकीला ऐकवत. जिल्ह्यातली कुठली मुलगी कुठं दिली आणि कुठून सून आणली, हे मात्र त्यांना चार पिढ्यांपर्यंत पाठ होतं. बायकोचा बेत साधा होता. जिथं आपलं एकही नातं पोचत नाही असं गाव शोधायचं आणि नवऱ्याला तिथं पाठवायचं. लोक नोकरीसाठी ओळख काढतात. आम्ही ओळख नसलेली जागा काढत होतो.

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. बायको एकेक गाव वाचू लागली.

"साकोली."

"माही मावसबहीण."

"पवनी."

"अर्धी पवनी आपलीच आहे."

"अड्याळ."

"तिथं तुह्या बापाचा साडभाऊ. लय मान ठेवते जवायाचा," सासूबाई म्हणाल्या, आणि बायकोनं ते कात्रण चुलीकडे सरकवलं.

अशी दहा कात्रणं गेली. मी इतकी वर्षं एकाच बाईशी लग्न केलं असं समजत होतो. त्या दुपारी कळलं की मी सबंध जिल्ह्याशी केलं होतं. शेवटी बायकोनं बपेरा म्हटलं. तुमसरच्याही पुढं, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेलं गाव. सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"बपेऱ्यात आपलं कोणी नाही," त्या म्हणाल्या. घराण्यातली एखादी उणीव कबूल करावी तसा तो आवाज होता.

बायकोनं मला बजावलं की तिथं सासुरवाडीचं नाव काढायचं नाही. दोन पिढ्या खणल्या की या जिल्ह्यात कोणाचंही कोणाशीही काहीतरी लागतं, आणि एकदा लागलं की मला पुन्हा खुर्ची मिळाली असती, नोकरी नाही.

तीन एसट्या बदलून मी बपेऱ्याला पोचलो. मुख्याध्यापकांनी मला उभं ठेवलं. समोर रिकामी खुर्ची होती, तिच्यावर त्यांनी छत्री ठेवली होती. इतक्या महिन्यांत मला इतकं बरं कुठंच वाटलं नव्हतं. त्यांनी माझा अर्ज लाल पेन्सिल घेऊन वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि विचारलं की नायजेरियात कोणत्या भाषेत शिकवायचो. इंग्रजीत, मी म्हणालो. मराठी बिघडलेली दिसतेच आहे, ते म्हणाले. मग सासुरवाडी विचारली.

"नागपूरच्या खाली," मी म्हणालो. नकाशावर ते खोटं नव्हतं.

जागा मिळाली, पण मंजुरी येईपर्यंत पगार नाही आणि मंजुरीला चारपाच महिने लागतील, असं त्यांनी सांगितलं. मी तिथंच हो म्हणालो. जूनमध्ये आम्ही चौघं बपेऱ्याला एका खोलीत राहायला गेलो. तिथं सगळे पैसे घेत. परदेशातून आलेला म्हणून घरमालकानं भाडं वाढवून सांगितलं, सरपणवाला ओलं सरपण कोरड्याच्या भावानं देई, आणि दूधवाल्याबद्दल काही न बोललेलं बरं. पहिले काही दिवस मी या लुबाडणुकीवर खूश होतो. जुलै लागेपर्यंत खुशी आणि तांदूळ दोन्ही संपत आले. बायकोनं माहेरी पत्र लिहिलं की सगळं ठीक आहे, कोणी काळजी करू नये. तिच्या वडिलांना मुलीची पत्रं वाचता येत असत.

ऐन रोवणीचे दिवस होते. धानाची रोपं चिखलात लावायच्या त्या पंधरवड्यात दिघोरीचा माणूस सख्ख्या भावाच्या लग्नालाही शेत सोडत नाही. मी आठवीच्या वर्गात घर्षण शिकवत होतो. फळ्याकडून वळलो तर आवारात सासरे. डोक्यावर पोतं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पिंडऱ्यांवर वाळलेला चिखल. शेतातून सरळ एसटीत बसले असावेत. मी खडू हातात घेऊनच व्हरांड्यात आलो. त्यांनी मला पाहिलं, पोतं खाली उतरवलं आणि सवयीनं माझ्या पायांच्या दिशेनं वाकू लागले.

त्याच वेळी मुख्याध्यापक कार्यालयातून बाहेर आले. "कोण पाहिजे?"

सासरे अर्धे वाकलेले होते. त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून एकदाही त्यांनी तो मान चुकवला नव्हता. मी नको नको म्हणून मागे सरायचो तरी ते माझे पाय गाठत. आता त्यांचा हात पोत्याच्या तोंडाशी गेला आणि तिथली सुतळी, जी चांगली घट्ट होती, त्यांनी पुन्हा आवळली.

"मास्तराचे चावल घेऊन आलो जी," ते म्हणाले.

"मास्तर तासावर आहेत. थांबा तिकडं." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही बाहेर काय करताय? वर्ग काय आपोआप चालतो?"

मी आत गेलो. माझे सासरे, ज्यांच्या गावात मला पाणीसुद्धा कोणी स्वतःच्या हातानं घेऊ देत नसे, चिंचेखालच्या दगडावर पोतं सांभाळत बसले. तास संपायला पस्तीस मिनिटं होती. त्या वर्षी आठवीच्या मुलांना घर्षण कधीच नीट समजलं नाही आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मी दर दोन वाक्यांनी खिडकीबाहेर बघत होतो. सासरे शाळेची इमारत, झेंड्याचा खांब, कार्यालयाचं दार असं सगळं निरखून बघत होते. मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन एका मुलाचा कान पिळून गेले, तेही त्यांनी लक्ष देऊन पाहिलं.

घंटा झाल्यावर मी धावत गेलो. पोत्याला हात घातला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. एक टोक त्यांनी मला धरू दिलं.

फाटकाबाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "सायेब लय कडक आहे तुमचा." आणि थोडं चालल्यावर, समाधानानं, "टिकन नौकरी."