डोळे भरायचा चाकू

गेल्या महिन्यात एका रविवारी शहागंजातल्या अँटिकच्या दुकानात मला एक चाकू मिळाला. खिशात मावणारा, घडीचा, लाकडी मुठीचा... आणि मुठीच्या टोकाला हाडाची चपटी, गुळगुळीत पट्टी. दुकानदार चाचा म्हणाले, पूर्वी साहेब लोक यानं पत्रं उघडायचे. मी विश्वास ठेवला.

मला जुने चाकू जमवायचा नाद आहे. बाईमाणसाला हा कसला नाद, असं घरचे म्हणतात... पण आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टँकरची वाट बघत बसले होते. आमच्या बायपासच्या भागात बिल्डिंगा वाढल्या, पाणी काही वाढलं नाही, त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. बसल्या बसल्या चाकूला तेल लावत होते, तर आमचे वॉचमन कडूबा मामा जवळ येऊन बघतच राहिले.

"हा डोळे भरायचा चाकू हाय, ताई."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. जंबेरीच्या, म्हणजे जाड सालीच्या रानटी लिंबाच्या रोपाची साल चिरायची आणि मोसंबीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून आत बसवून बांधायचा, की त्यातून मोसंबीचं झाड होतं. हाडाची पट्टी साल अलगद उचलायला. पैठणकडच्या गावांत मामांनी उभी हयात हेच काम केलेलं. बागा वाळल्या, काम संपलं, मामा शहरात आले.

जरा घुटमळून त्यांनी चाकू मागितला, एका दिवसापुरता. गावात त्यांच्या हातचं एकच झाड उरलं होतं, आणि तेही वाळत चाललेलं. त्याची काडी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले होते. पंपाच्या खोलीमागं तेलाच्या डब्यात जंबेरीचं रोपही वर्षभर जपलेलं. फक्त चाकूला धार लावावी लागणार होती.

मी नाही म्हटलं... जुनं पातं दगडावर घासलं की चाकू वाया गेला, असं आम्ही जमवणारे मानतो. मामा "बरं ताई" म्हणाले आणि गेटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले, तर मामा डब्यापाशी उकिडवे बसलेले. हातात दाढीचं ब्लेड. ते वाकत होतं, साल फाटत होती...

"दोनच डोळे ऱ्हायले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी वर जाऊन चाकू घेऊन आले.

पायरीच्या दगडावर पाणी शिंपडून त्यांनी बराच वेळ धार लावली. पात्यावर ओरखडे उठले, मला बघवेना. मग मात्र त्यांचा हात चालायला लागला. एक आडवी चीर, एक उभी, साल उघडली, डोळा आत सरकवला, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधला... मिनिटभराचं काम.

शेवटचा डोळा त्यांनी माझ्या हातात ठेवला. चुकला तर, मी म्हटलं. "चुकू द्या," मामा म्हणाले, "त्याबिगर कसं येईल?"

डब्याला रोज आमच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी घातलं. काल, तीन आठवड्यांनी, मामांनी पट्ट्या सोडल्या. मी बसवलेला डोळा काळा पडला होता. त्यांचा हिरवागार...

माझ्याकडे तीसेक चाकू आहेत. कुठला कुठल्या काळातला, हे मी झोपेतही सांगेन. तो कुणाच्या हातात काय काम करायचा, हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मामा, आदल्याच दिवशी मी तुम्हाला नाही म्हटलं होतं... तरी हाताशी उरलेला शेवटचा डोळा तुम्ही मला शिकायला दिलात.