दुबई आली, पण तुळजाबाई उतरेनात

घनसावंगीच्या तुळजाबाईंना कुणी काही सांगितलं, की आधी त्या ते स्वतःच्या मापाने मोजून बघत. मापात बसलं तर खरं, नाही तर सांगणारा थापाड्या. म्हणून सत्त्याण्णव साली दुबईच्या जावयाने फोनवर "मुंबईहून दुबई दोन हजार किलोमीटर, तीन तास" म्हटलं, ते त्यांनी साफ उडवून लावलं.

"जीप भरून जालन्याला पोचस्तोवर तीन तास जातेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अन् हे दोन हजार किलोमीटर तेवढ्यात? जावई मन ठेवायला सांगून राह्यले."

मच्छिंद्ररावांनाही ते पटलं. दोघांनी मिळून चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांधल्या.

जाणं तर भागच होतं. लेकीचं, सत्यशीलाचं, पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती. मग तुळजाबाई एकट्याच निघाल्या. धास्ती एकच, वाटेत आपण भलतीकडेच उतरलो तर? वाचता येत नव्हतं, आणि लेक तिकडे एकटी पडली असती. मुंबईला निरोप देताना मच्छिंद्ररावांनी बजावलं, "इमान मधी कुठंबी थांबंल. लोक उतरले म्हून उतरू नको."

तुळजाबाईंनी खूणगाठ बांधली.

विमान टेकलं. माणसं उठली, पिशव्या काढल्या, बघता बघता सगळं रिकामं झालं. तुळजाबाई गाठोडं मांडीवर घेऊन ढिम्म. विमानातली पोरगी आधी गोड बोलली, मग तिने हातच जोडले. "माँजी, दुबई आ गया."

"मला काय येडी समजती का? आत्ता तर बसले मी!"

तेवढ्यात विमान झाडायला माणसं आत आली. त्यातला एक तरुण झाडू ठेवून शेजारी टेकला.

"मावशी, मी परतूरचा, गयासोद्दीन. रोज हेच मुंबईचं विमान झाडतो. बिलकुल दुबईच हाय ही."

परतूरचं नाव आणि ती बोली ऐकली, आणि तुळजाबाई मुकाट्याने उठल्या. गयासोद्दीनने मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण गाठोडं घेऊन कागद दाखवायच्या रांगेत त्यांच्यासोबत उभा राहिला आणि जावई दिसल्यावरच परतला. जावई घाबरेघुबरे झाले होते. सत्यशीलाला सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी नात जन्मली, तेव्हा लेकीचा हात तुळजाबाईंच्या हातात होता. त्या पोराने उठवलं नसतं तर आपण तिथेच हटून बसलो असतो, या विचाराने त्यांना रडूच फुटलं.

गावी आल्या आल्या त्यांनी परतूर गाठलं. विचारत विचारत कापसाच्या बाजारामागे गयासोद्दीनची आई, जन्नतबी, सापडली. तुळजाबाईंनी सोबत आणलेली नवी साडी तिच्या हातात ठेवली.

"तुमच्या लेकानं मला माझ्या लेकीपाशी पोचवलं. हे उपकार ह्या जन्मी फिटायचे न्हाईत."

जन्नतबीने साडीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने तुळजाबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बाई, पाच साल झाले, त्याला सुट्टी भेटली न्हाई. तुम्ही बघितलं त्याला. कसा दिसतो हो आता? वाळला का?"

तुळजाबाई चुलीपुढे बसल्या आणि सांगू लागल्या. दाढी राखलीय, अंगाने बरा आहे, हसला की डावा गाल आत जातो.

"फिरून सांगा," जन्नतबी म्हणाली.

तुळजाबाईंनी पहिल्यापासून सांगितलं.