बिनपगारी

बी.एड.ला जाऊ नको, असं मला कुणीच सांगितलं नाही. उलट सगळ्यांनी पाठीवर थाप मारली. मुलीला मास्तरकी बरी, सुट्ट्या मिळतात, घरी वेळेवर येता येतं. पगार मिळतो का, हे मात्र एकानंही विचारलं नाही. लातूरच्या कॉलेजची फी भरायला बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, जामीन म्हणून अप्पांनी सही केली. वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. शिरूर अनंतपाळला त्यांचं किराणा दुकान आहे. गल्ल्याच्या वर देवाची तसबीर आणि तिच्याखाली पाटी : ‘उधारी बंद आहे, आग्रह करू नये.’ त्या पाटीखाली बसून मी पाढे पाठ केले.

कोर्स संपल्यावर बँक काही काळ थांबते. व्याज थांबत नाही. गणितात पदवी घेऊनही हे मला बँकेचा मेसेज आल्यावरच नीट कळलं.

त्याच सुमारास एक पाहुणे निरोप घेऊन आले. भोकरजवळच्या एका शाळेत गणिताची जागा आहे. शाळा विनाअनुदानित, म्हणजे पगाराला सरकार अजून पैसे देत नाही. पण अनुदान येणारच. अनुदान आलं की पोरगी जन्माची पर्मनंट. आईनं लगेच शिरा केला.

अप्पा आणि मी नांदेडला गाडी बदलून शाळेत पोचलो. मला नमुना पाठ घ्यायला सांगितला, सातवीला, अपूर्णांक. डब्यातली भाकरी काढली आणि पोरांसमोर तिचे चार तुकडे केले. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, “मॅडम, हे सारखे न्हाईत. धाकट्याला लहान गेला की ते रडतंय.” सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि ‘समान भाग’ म्हणजे काय हे त्या रडणाऱ्या धाकट्यावरूनच शिकवलं. घंटा झाली तरी पोरं उठेनात. मला इथंच राहायचं होतं. इतकं स्वच्छपणे मला आयुष्यात काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

मग ऑफिसात चहा आला. संस्थाचालक साहेब म्हणाले, पाठ एक नंबर. अनुदान येईपर्यंत सेवा समजून करायचं. आणि इमारत निधीला थोडा हातभार लावायचा, तो काय पुढं पगारातून निघूनच येतो.

“अनुदान कधी येणार?” मी विचारलं.

साहेब छताकडे बघून हसले. दाराशी वह्यांचा गठ्ठा घेऊन एक सर उभे होते, कानशिलं पांढरी झालेले. ते हळूच म्हणाले, “बाई, मी लागलो तव्हाबी ते येऊनच राहिलं होतं.” पहाटे दुधाचे रतीब घालून ते शाळेत येतात, हे मला नंतर शिपायानं सांगितलं.

आणि माझे अप्पा, सख्ख्या भावालाही काडेपेटी उधार न देणारे माझे अप्पा, मान डोलावत होते. “हाव साहेब, करू की. बघू काहीतरी.”

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. एका बाजूला हप्ता, खोलीभाडं, जेवण आणि आता वर हा निधी. दुसऱ्या बाजूला शून्य. अप्पा म्हणाले, आईच्या पाटल्या मोडू.

“अप्पा, दुकानात ती पाटी कुणी लावली?”

“दुकान येगळं, नौकरी येगळी.”

“मालाला उधारी बंद आणि पोरीला चालू?”

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. अप्पा दबक्या आवाजात म्हणाले, “आगं, पगार न्हाई तर न्हाई. सोयरीक जुळवताना शिक्षिका हाय म्हणून तर सांगता येतंय.”

तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही. कर्ज काढून शिकायचं, वर पाटल्या मोडून फुकट राबायचं, ते कशासाठी, तर बायोडाटात एक शब्द लिहिता यावा म्हणून! मी सांगून टाकलं, जाणार नाही. अप्पा शिरूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

लातूरला एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवायला लागले. पगार वेळेवर होतो. हप्ता आणि खोलीभाडं गेलं की मेसच्या डब्यापुरतं उरतं. इथं बी.एड. लागत नाही, नुसत्या बी.एस्सी.वरही हेच मिळालं असतं, हे मला नातेवाईक आठवणीनं सांगतात. मग कर्ज वाया गेलं का? नाही. भाकरीचे तुकडे चुकले तर त्यावरूनच पाठ पुढं न्यायचा, हे मी बी.एड.लाच शिकले. त्याचे पैसे मी देतेय. लाजायचं असेल तर फुकट राबवणाऱ्यांनी लाजावं. सरकारी भरतीचे अर्ज मी अजूनही भरते. शाळा मला हवीच आहे, फक्त फुकटात नको.

अप्पांना मात्र माझा नकार लागला होता. पोरगी काय करते असं गिऱ्हाइकानं विचारलं, की “लातूरला असती” एवढंच म्हणायचे आणि काट्याकडे वळायचे. क्लासात शिकवणं त्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. मला ते टोचायचं. पगार झाला की मी हप्ता भरल्याचा मेसेज त्यांना पाठवायचे. त्यांचं उत्तर कधी आलं नाही.

परवाच्या रविवारी मी दुकानात बसले होते. अप्पांचा फोन वाजला. हात गुळाचे, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. तेच पाहुणे होते. “अनुदानाचं आता जमून राहिलंय बघा. पोरीला धाडून द्या. निधीचं साहेबांना सांगून कमी करू.”

अप्पांना हेच तर हवं होतं, आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनी हातानंच मला गप्प केलं. गूळ तोलला, पुडी बांधली.

“न्हाई जमायचं, पाहुणं.”

“आवं, मग पोरगी काय घरीच बसवायची?”

“घरी कशाला बसंल?” अप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. “मास्तरीण हाय ती लातूरला. पगारी!”