वानखडे वकिलांच्या फीचा अर्ज

धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात सुभद्राबाई वांगी, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर लावते, बाजाराच्या दिवशी नेऊन विकते. आठ वर्षांपूर्वी तिचा एकुलता मुलगा जीवन भाजीचा माल घेऊन मोटरसायकलवर अमरावतीला निघाला आणि मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. चोवीस वर्षांचा होता.

नुकसानभरपाईचा दावा सुगत वानखडे वकिलांनी चालवला. तिनं फीचं विचारलं की ते म्हणायचे, आधी निकाल लागू द्या. तारखेला ती उपाशीपोटी आलेली दिसली की स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी तिच्यापुढे सरकवायचे. एकदा विमा कंपनीच्या वकिलानं जीवन पिऊन गाडी चालवत होता असं सुचवलं, तेव्हा एरवी हळू बोलणारे वानखडे वकील इतके चिडले की न्यायाधीश साहेबांना त्यांना खाली बसवावं लागलं. सुभद्राबाईला वकिली कळत नव्हती, पण एवढं कळलं की आपल्या मेलेल्या पोरासाठी आपल्याशिवाय आणखी कोणाला तरी राग येतो.

निकाल तिच्या बाजूनं लागला. बाई अंगठेबहाद्दर, कोणी फसवू नये म्हणून कोर्टानं तिची रक्कम बँकेत पाच वर्षांसाठी ठेव म्हणून टाकली. कोर्टाच्या मंजुरीशिवाय ती मोडता येणार नव्हती. फीचं बोलणं व्हायच्या आतच वानखडे वकिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण घरचीच माणसं त्यांना ओळखू येईनात.

सुभद्राबाई भाजीचे साठवलेले पैसे घेऊन त्यांच्या अमरावतीतल्या राजापेठेच्या घरी गेली. पण रश्मीताईंनी, त्यांच्या बायकोनं, हात पुढे केला नाही. यांनी तुम्हाला आकडा सांगितला नव्हता, मग मी कोणत्या तोंडानं घेऊ, असं त्या म्हणाल्या. खाटेशेजारी औषधांचा ढीग होता. घरी परतताना सुभद्राबाईनं ठरवलं, कोर्टानंच सांगितलं तर या बाईला नाही म्हणता येणार नाही. मग कुंदन नावाच्या तरुण वकिलाकडून तिनं अर्ज लिहून घेतला, की ठेवीतून वकिलांची फी देण्यास मंजुरी मिळावी.

साहेबांना अर्ज खटकला. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "बाई, हे पैसे काढायला तुमच्यावर कोणी दबाव टाकला का?"

"साहेब, त्यायले आता बायको ओळखू येत नाई. दबाव कोन टाकन?" ती म्हणाली. "सात वरीस ते माह्या पोरासाठी भांडले. पोराचं काम फुकटात झालं, असं मले नाई म्हनू द्याचं."

साहेबांनी कागद चाळले. वानखडे वकील किती तारखांना हजर होते ते त्यांनी जुन्या नोंदींवरून पाहिलं. एकही तारीख चुकली नव्हती. मागितलेल्यापेक्षा थोडी कमी, पण फी मंजूर झाली.

हुकमाची नक्कल घेऊन ती राजापेठेत गेली. रश्मीताईंनी ती उभ्यानं वाचली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सुभद्राबाई वकिलांच्या खुर्चीजवळ खाली बसली. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज जीवन नाही आला?"

जिवंत जीवनला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सात वर्षं नुसतं नाव कागदावर वाचलं होतं.

ते उत्तराची वाट पाहत होते. शेवटी ती म्हणाली, "बजारात गेला हाय. येईन."

त्यांनी समाधानानं मान हलवली.

परतीच्या एसटीत ती पदर तोंडाशी धरून बसली. शेजारच्या बाईनं कोण गेलं म्हणून विचारलं. सुभद्राबाईनं पोरगा सांगितला. कधी, असं त्या बाईनं विचारलं, तेव्हा तिला काही सांगता आलं नाही.