न दिसणारा गुलाबी

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्राध्यापक कसे असतात, हे लंबूला पहिल्या आठवड्यातच कळलं. गणिताचे सर उजव्या हाताने लिहीत आणि डाव्या हाताने लगेच पुसत. मधल्या मधे जे हाती लागेल ते तुमचं. भौतिकशास्त्राच्या मॅडम इतक्या मऊ आवाजात शिकवत की दुसऱ्या बाकापासून मागे सगळ्यांना डुलक्या लागत. आणि रसायनशास्त्राला थेंबसर. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण प्रयोगशाळेत पाठीमागे येऊन "एक थेंब! एकच!" असं खेकसणाऱ्या माणसाला पोरं दुसरं काय म्हणणार?

पोरांनी उत्तरावरून उलटं गणित करून आकडे बसवले की सरांना लगेच वास येई. "फार सुंदर आकडे आले की मला ताप चढतो," म्हणत ते सरळ काट मारत.

लंबूचा रसायनशास्त्रावर जीव होता, आणि गोची तिथेच होती. रंग दाखवणारं दर्शक घातलेल्या आम्लात वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, अल्कली थेंब थेंब सोडायचं, फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं की तोटी बंद करायची, आकडा लिहायचा. लंबूला तो फिकट गुलाबी दिसतच नसे. लहानपणापासून त्याची रंगांत गफलत व्हायची आणि त्याने ती घरीदारी कुणाला कळू दिली नव्हती. कळलं तर विषय सोडायला लावतील, ही धास्ती. त्याच्या प्रयोगातल्या जोडीदारणीला मधे मधे बोलायची खोड होती, रंग आला की ती "बास, बास!" म्हणे. त्या खोडीवर लंबूचं शिक्षण चाललं होतं.

एक दिवस ती आलीच नाही. लंबू अल्कली सोडत राहिला. फ्लास्क सरबतासारखा गडद झाला तरी याची तोटी चालूच. मागे थेंबसर उभे होते. आता सगळ्या वर्गापुढे आपली शोभा होणार, म्हणून त्याने मान खाली घातली. सरांनी हात पुढे करून तोटी बंद केली. तास संपल्यावर त्यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"कधीपासून?"

"काय, सर?"

"गुलाबी दिसत नाही, ते."

"लहानपणापासून. सर, मला काढून टाकणार?"

"काढून टाकायला तू काय तळाला बसलेला साका आहेस?" सर कपाटात डोकं घालून म्हणाले. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला आम्लता मोजायचा मीटर बाहेर काढला. "रंग कशाला बघायचा? थोडं थोडं घाल, दर वेळी काटा बघ, आलेख काढ. रेघ जिथे एकदम वर उडी घेईल तिथे तुझं उत्तर."

याला दुप्पट वेळ लागे. बाकीची पोरं हात धुऊन कँटीनला पळत आणि लंबू आलेखावर ठिपके मांडत बसे. सरही बसत, चहाला मुकून, वर "घाई करू नकोस" असं रागावून सांगत. त्या रागाचं लंबूला पुढे जन्मभर अप्रूप वाटलं.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मीटर पाहिला आणि भुवया वर केल्या. "असं चालत नाही. रंग डोळ्यांनीच ओळखायचा."

"परीक्षा रसायनशास्त्राची आहे की डोळ्यांची?" थेंबसरांचा आवाज चढला. "तुम्ही चष्मा काढून ब्युरेट वाचता का?"

परीक्षकांनी चष्मा सावरला आणि आलेख हातात घेतला. मग त्यांनी लंबूला असे काही आडवेतिडवे प्रश्न विचारले की त्याला घाम फुटला, पण एकाही उत्तराला तो अडखळला नाही.

निकाल लागला त्या दिवशी आई इस्त्री करत होती. पास झालो म्हणताना लंबूला राहवलं नाही. दिसत नसलेल्या रंगाचं, मीटरचं, सरांचं, सगळं त्याने सांगून टाकलं. आईने इस्त्री बाजूला उभी केली.

"तुझ्या मामाचंही असंच असणार रे," ती म्हणाली. "चित्रातलं गवत तपकिरी रंगवायचा. मास्तर वर्गापुढे उभं करून मारायचे, आम्ही भावंडं हसायचो. शेवटी शाळाच सोडली त्याने. अजून स्वतःला मठ्ठ समजतो." तिने पदराने डोळे टिपले. "त्याला असा एकही मास्तर भेटला नाही. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग." आणि लगेच इस्त्रीचं बटण बंद करून ती उठली. "नको, थांब. मीच येते."