स्वतःच्याच नावाचा हेल

शोमोशपातक गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप पाद्रीबाबांना आणि दुसरा रेबी नेनीला; नेनी म्हणजे मावशी. काही घरांत तर आधी नेनीलाच. पाद्रीबाबा मेलेल्याला देवाच्या हवाली करायचे. मागे राहिलेल्यांना रडवून मोकळं करायचं काम नेनीचं. प्रेताच्या उशाशी बसून, काळी शाल कपाळावर ओढून ती असा हेल काढायची की दगडाला पाझर फुटावा. आधी मेलेल्याला नावानं हाक, मग त्याची सगळी कहाणी. कुठलं शेत नांगरलं, कुठल्या गाईवर जीव होता, सख्ख्या भावाशी किती वर्षं अबोला धरला. भाऊ समोर उभा असला तरी ती ते बोलून जायची, आणि तिला गप्प कर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एवढी माणसं पोचवलेली बाई, पण मनातून सशासारखी भित्री. का नसेल? हेल म्हणजे काळाला मारलेली हाक, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. समोर प्रेत असलं तर काळ आपलं काम उरकून गेलेला असतो, भीती नाही. पण प्रेत नसताना हेल काढलात तर तो परत फिरतो आणि दारात उभा राहून विचारतो, बोला, कुणाला न्यायचं? म्हणून नेनी ओढ्यावर कपडे धुतानासुद्धा गुणगुणत नसे.

त्यातून घरात लेक, युली. तिची दोन बाळं आठवडाभरही न जगता गेली होती आणि दोघांचाही हेल आजीनंच काढला होता. आता तिसऱ्यांदा तिचे दिवस भरत आले होते.

नेमका अशा वेळी गाश्पार आला. देवळातला ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा हा मुलगा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, बापानं त्याला पेश्त शहरात नेलं आणि तिकडे तो संगीत लिहिणारा मोठा माणूस झाला. बगलेत पेटी, पेटीला पितळेचा कर्णा.

"रेबी नेनी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? नाक बापाचं, डोळे आईचे. आणि ही तुतारी रे कुणाची?"

"यात आवाज साठतो, नेनी. आत मेणाची नळी आहे."

"माणूस जातं आणि आवाज राहतो? शी! बाहेर ठेव ते आधी!"

त्यानं ते बाहेर ठेवलं, पण स्वतः बाकावर ठाण मांडलं. त्याला हेल हवा होता. म्हणाला, "पेश्तातले माझे गुरुजी जर्मन. ते म्हणतात, गाश्पार, तुझं सगळं रीतसर चाललेलं असतं आणि मधेच हे कोण रडायला लागतं? काय सांगू त्यांना? गुरुजी लहानपणापासून देवळातली भजनं ऐकत वाढले, त्यांच्या संगीतात देऊळ येतं. माझा एक मित्र गुत्तेवाल्याचा पोरगा, त्याच्या संगीतात टाचा आपटतात. मी आईच्या प्रेतापाशी टेबलाखाली बसून तुमचा हेल ऐकला. मला मिळालेलं बाळकडू तेच. पण मला अर्धाच आठवतो, नेनी. सुरुवात हरवली आहे."

"हरवली तेच बरं झालं. घरात पोटुशी लेक आहे माझ्या आणि तू मला विषाची परीक्षा घ्यायला सांगतोस?"

"मग माझ्या आईचाच काढा. ती तर गेलेलीच आहे."

"निजलेल्याला हाका मारल्या तर ते उठून बसतं. पुढे काय करशील? पेश्तला नेशील सोबत?"

मक्याची उकड खाता खाता युली हसली. "अगं आई, अख्खं गाव पोचवलंस आणि त्या कर्ण्याला घाबरतेस?"

"तू मुकाट्यानं खा!"

तो रोज यायचा आणि नेनी रोज त्याला हाकलायची. मग एक दिवस त्यानं काही मागितलंच नाही. बाकावर बसला आणि एवढा मोठा बाप्या हमसून हमसून रडला. "आईचा चेहरा आठवत नाही हो नेनी. तिचं म्हणून तो हेल एवढाच होता माझ्यापाशी."

इथे नेनी विरघळली. तिनं युलीला काहीतरी निमित्त काढून शेजारी धाडलं आणि विचार केला. हेल काढायचा तर नाव घ्यावंच लागणार. मेलेल्याचं घेता येत नाही, जिवंत माणसाचं घ्यावं तर ते पाप. उरलं कोण? आपण. काळ दाराशी आलाच तर म्हणायचं, मीच ती, चल. तिला मरायची हौस होती असं मुळीच नाही. तिला ऊन आवडायचं, उकड आवडायची, शेजारणींची उणीदुणी तर फारच आवडायची. तरी तिनं गाश्पारला बाहेरची पेटी आत आणायला लावली, एकदाच काढीन म्हणून बजावलं. मग शाल ओढून ती कर्ण्यासमोर बसली.

"रेबेका, अगं रेबेका, कुठे गं निघालीस? चुलीत विस्तव तसाच, गाईचं दूध तसंच, आणि तू शाल पांघरून कुठे गं निघालीस?"

संपल्यावर गाश्पारनं डोळे पुसले, कळ फिरवली, आणि त्या पितळेच्या तोंडातून नेनीचाच आवाज हाका मारायला लागला. रेबेका, अगं रेबेका.

"थांबव! एकदाच म्हटलं होतं मी!"

"पण नेनी, आता हे हवं तेव्हा ऐकता येईल."

"हवं तेव्हा?"

तेवढ्यात चौकट धरून युली दारात उभी. "आई, कळा सुरू झाल्यात."

सुईणीनं नेनीला खोलीबाहेर काढलं. देवा, काय तो दिवस! आत युली ओरडत होती आणि बाहेर नेनी दाराला पाठ लावून पुटपुटत होती, माझं नाव घेतलंय, तिचं नाही, माझं घेतलंय. गाई परतायच्या वेळेला आतून टाहो फुटला. मुलगी! गुबगुबीत, लालबुंद, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा गळा. युलीही सुखरूप. नेनी भिंतीला धरून खाली बसली आणि खूप दिवसांनी पोटभर रडली, साधं, हेलाशिवाय.

बारशाला बाळंतीण देवळात जात नाही. नेनी तिच्यापाशी घरीच थांबली. जावई मार्तोन आणि धर्ममाता पोरीला घेऊन गेले. परतले तेव्हा मार्तोन आलुबुखाराची दारू घेऊन भलताच खुशीत होता.

"आई, ओळखा नाव काय ठेवलं! नातीला आजीचं नाव, आपल्या रीतीप्रमाणे. रेबेका!"

नेनी म्हणाली, "दुसरी नावं संपली होती का रे?"

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तिला कारण सांगता येईना. सांगितलं तर खरं व्हायचं. आतापर्यंत ती मनाला समजावत होती की म्हातारी मेल्याचं दुःख नाही. पण आता घरात रेबेका दोन, आणि काळाला काय, त्याला नावाशी मतलब. त्या दिवसापासून ती पोरीला माकडे म्हणायची, उंदरे म्हणायची. कुणी चुकून रेबेका म्हटलं की अंगावर धावून जायची. गाव म्हणालं, म्हातारीला चळ लागला.

हिवाळ्यात पाद्रीबाबा सांगत आले, "येत्या रविवारी दुपारी पेश्तात गाश्पारचं संगीत वाजणार! केवढा तो ताफा वादकांचा, आणि सुरुवातच तुमच्या हेलानं!"

"नाव घेणार त्यात?"

"नाव कसलं, नुसती वाद्यं."

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग वाटलं, काळाला शब्द कशाला लागतात? तो सूर ओळखतो.

रविवारी तिनं स्वतःच्या मौतीसाठी शिवून ठेवलेले काळे कपडे काढले, घातले, आणि दार लावून बाहेर उंबरठ्यावर बसली. बर्फ पडत होतं.

"आई, आत या. थंडीनं मराल!" मार्तोन ओरडला.

"मरू दे की. बसलेय कशाला मग?"

कुणी आलं नाही. अंधार पडताना मार्तोननं तिला उचलून आत नेलं. पोर पाळण्यात मजेत पाय झाडत होती.

काही दिवसांनी पाद्रीबाबा पुन्हा आले ते धापा टाकतच. "नेनी, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! आता व्हिएन्नात, प्रागमध्ये, बर्लिनमध्ये, सगळीकडे वाजणार!"

"कुठल्या कुठल्या दिवशी?"

"ते कसं सांगू? आता सारखंच वाजत राहणार, कुठे ना कुठे."

नेनीनं काळे कपडे पुन्हा पेटीत ठेवलेच नाहीत. पोर चालायला लागली, बोलायला लागली, तरी अंगणात आजीचा हात सोडून तिला कुठे जाता येत नसे. एकदा वाट चुकलेला कुणी परका माणूस फाटकाशी थांबला. बाळसेदार पोर बघून त्याला गंमत वाटली. वाकून म्हणाला, "काय गं ठमे, नाव काय तुझं?"

पोरीनं तोंड उघडलं. नेनीनं तिला मागे ओढलं, स्वतः पुढे झाली, फाटकाची कडी काढली.

"तिला नाव नाही अजून," ती म्हणाली. "रेबेका मी. चला."